व्हॅनिलाची अॅरोमॅटिक तंबाखू: पाईप सारखा विझतो, जिभेला चटका बसतो. वाळवायची किती आणि कशी?

नळस्टॉप:

नमस्कार मंडळी,

अॅरोमॅटिक (वरून सुगंध दिलेल्या) प्रकारातलं ५० ग्रॅमचं पाकीट उघडलं आहे. बहुतेक काळी कॅव्हेंडिश, त्यात थोडी पिवळी व्हर्जिनिया आणि तपकिरी बर्ली, वरून व्हॅनिला. काप रिबनसारखा, पण जाडसर. पाईप ब्रायरचा (एका झुडपाच्या मुळाचं कठीण लाकूड), बाउलचा, म्हणजे तंबाखू भरायच्या खळग्याचा, आतला व्यास २० मिमी, खोली ३८ मिमी, दांडीत ९ मिमीच्या फिल्टरची जागा. मक्याच्या कणसाचा एक कोरा पाईपही आहे.

साध्या व्हर्जिनियाला याच पाईपमध्ये दोन-तीन काड्या पुरतात. हिला दहा-बारा लागतात. बाउल अर्ध्यावर आला की नळीत गुडगुड सुरू होते. पाकिटात नाक घातलं तर व्हॅनिला आईस्क्रीम, ओढताना मात्र तोंडात नुसती गरम वाफ आणि जिभेच्या टोकाला चटका. शेवटी तळाशी तिसरा हिस्सा ओला लगदा उरतो. वर्तमानपत्रावर तासभर पसरून ठेवली तरी हाताला तशीच चिकट लागते.

वाळवायची किती? भरायची रीत वेगळी असते का? फिल्टर ठेवावा की काढावा? आणि हिचा वास ब्रायरमध्ये कायमचा बसतो हे खरं का?

खडकी१९:

तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे: पाणी. बाकीचं नंतर.

अॅरोमॅटिकमध्ये पाणी मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं. पानाला दोनदा चव दिली जाते. कापायच्या आधी साखर, ज्येष्ठमध, कोको असल्या गोष्टींच्या पाकात पान मुरवतात, ते केसिंग. कापून झाल्यावर वरून व्हॅनिला, चेरी, रम यांचा फवारा, ते टॉपिंग. तुमच्या नाकाला पाकिटात जे येतं ते टॉपिंग. काळी कॅव्हेंडिश हे तंबाखूच्या झाडाचं नाव नव्हे, ती प्रक्रिया आहे. बर्ली किंवा व्हर्जिनियाचं पान वाफ आणि दाब देऊन काळं होईपर्यंत शिजवलेलं असतं. शिजवल्यामुळे तिखटपणा जातो, पान मऊ होतं आणि वरची चव स्पंजासारखी पिऊन घेतं. बर्लीत स्वतःची साखर जवळजवळ नसते, म्हणून तीही चव छान धरते. व्हर्जिनियात साखर भरपूर, त्यामुळे ती गोड लागते आणि घाईने ओढली तर गरम जळते.

ओल्या तंबाखूत आग टिकवायची तर जोरात ओढावं लागतं. जोरात ओढलं की निखारा तापतो, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ थेट जिभेवर येऊन पडते. वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता सगळी जिभेला मिळते. चटका त्याचा आहे. अॅरोमॅटिक म्हणजे रसायन, म्हणून जीभ जळते, हे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. तीच तंबाखू नीट वाळवली आणि हळू ओढली की चटका बहुतेक जातो.

वर्तमानपत्र मात्र बंद करा. शाईचा वास ओलसर तंबाखू लगेच उचलते. कोरा कागद किंवा स्टीलचं ताट घ्या.

सई_औंध:

खडकी१९ यांचं बरोबर आहे, पण "वाळवा" एवढं सांगून पुण्यात जुलैत भागत नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. परदेशी सल्ला असतो: तासभर उघडी ठेवा. तो सल्ला कोरड्या हवेसाठी आहे.

तंबाखू हवेशी समतोल साधते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्के असेल तर ती ढोबळमानाने १३-१४ टक्के ओलाव्यावर स्थिरावते. हवा ८० टक्क्यांच्या वर गेली की २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर. म्हणजे पावसाच्या झडीत खिडकीशेजारी ताट ठेवलं तर तंबाखू वाळणारच नाही, उलट ओल घेईल. पंखा लावूनही उपयोग नाही. पंख्याने समतोल लवकर साधतो, समतोल बदलत नाही. उलट एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की तीच ३ ग्रॅम तंबाखू वीस मिनिटांत गरजेपेक्षा जास्त सुकते आणि टॉपिंगही घेऊन जाते.

दुसरी अडचण बोटांची. बहुतेक अॅरोमॅटिकमध्ये पाणी धरून ठेवायला प्रोपिलीन ग्लायकोल घातलेलं असतं. ते १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, घरच्या वाळवण्याने जात नाही. त्यामुळे पाणी पुरेसं कमी झालं तरी तंबाखू हाताला मऊ आणि दमटच लागते. "चिमूट दाबून सोडा, हळूहळू उलगडली पाहिजे" ही कसोटी साध्या व्हर्जिनियाला चांगली, अॅरोमॅटिकला फसवी. हिला वजनाने वाळवा.

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा घ्या. हिशोब असा: पाकिटातली तंबाखू २० टक्के ओली धरली तर ३.०० ग्रॅममध्ये ०.६० ग्रॅम पाणी आणि २.४० ग्रॅम बाकी सगळं. ओलावा १४ टक्क्यांवर आणायचा तर २.४० भागिले ०.८६, म्हणजे २.७९ ग्रॅम. तीनाचे पावणेतीनच्या किंचित वर, की थांबा. घट फक्त ०.२१ ग्रॅम, पण ओढताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुमच्या पाकिटाचा मूळ ओलावा नक्की २० असेलच असं नाही, म्हणून २.७९ ही सुरुवात समजा आणि पुढच्या वेळी ०.०५ ने वरखाली करून पाहा.

पावसाळ्यात वाळवायचे दोन खात्रीचे मार्ग:

सिलिका जेल. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी १० ते १५ ग्रॅम सिलिका जेल पुडीतच ठेवायचं, वर छोट्या ताटलीत तंबाखू एका थरात पसरायची, झाकण लावायचं. जेल स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी सहज धरतं, त्यामुळे ०.२ ग्रॅम त्याला काहीच नाही. साधारण दोन तास धरा, पण तासाभराने एकदा वजन करा. निळे मणी घेऊ नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते विषारी आहे. पांढरं किंवा नारिंगी घ्या. ओलं झालेलं जेल १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. पुडी कागदी किंवा प्लॅस्टिकची असेल तर आधी मणी बाहेर काढून ताटात पसरा. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

दुसरा मार्ग, कोमट जागा. २५ अंशांची ८० टक्के आर्द्र हवा ३५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या जवळ येते. पाणी तेवढंच, पण वाळवण्याची ताकद बदलते. सतत चालू असलेल्या सेट टॉप बॉक्सजवळची किंवा फ्रिजच्या मागच्या बाजूची कोमट जागा, स्टीलची ताटली, पातळ थर, अर्धा-पाऊण तास. यंत्राची हवेची भोकं झाकू नका. तवा, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर यातलं काहीही नको. रम आणि फळांचे हलके गंध चाळिशीच्या वर झपाट्याने उडतात. व्हॅनिला त्या मानाने जड आहे, टिकते.

एसी असलेल्या खोलीत हवा कोरडी असते, तिथे साधं उघडं ताटही चालेल.

बोहरीआळी:

सईताईंच्या उत्तरात एक भर: फक्त लागेल तेवढीच वाळवा. एका बाउलची, फार तर दोन बाउलची. सगळं पाकीट वाळवून ठेवलं तर आठवड्यात टॉपिंग निम्मं होतं आणि परत ओलावून ते येत नाही.

आता भरणं. तुमच्या बाउलला साधारण पावणेतीन ग्रॅम वाळलेली तंबाखू पुरते. जुन्या पाईपवाल्यांची रीत ऐकली असेलच: पहिला थर लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या, तिसरा पुरुषाच्या. सूत्र बरोबर आहे, पण अॅरोमॅटिकला तिसरा हातही जरा हलकाच हवा. ही तंबाखू पेटल्यावर साध्या तंबाखूपेक्षा जास्त फुगते आणि चिकट असल्यामुळे एकदा दाबली की परत मोकळी होत नाही.

वाळल्यावर बोटांनी विंचरल्यासारखी सोडवून घ्या, गाठी राहू देऊ नका. पहिल्यांदा दाब न देता नुसती भुरभुरत काठापर्यंत भरा, पाईपला बाहेरून टिचकी मारा, मग बोटाने अर्ध्यापर्यंत खाली बसवा. पुन्हा काठापर्यंत भरा, दोन तृतीयांशापर्यंत बसवा. तिसऱ्यांदा शीग लावून भरा आणि काठाच्या ३ मिमी खाली आणा. न पेटवता ओढून पाहा. नुसत्या रिकाम्या नळीतून हवा यावी तशी आली तर सैल आहे. घट्ट ताक नळीने ओढावं लागतं तसा जोर लागला तर गच्च आहे. गच्च असेल तर टोचून दुरुस्त करत बसू नका, ओता आणि परत भरा. टोचलेल्या भोकातून हवा पळते, त्याच रेषेत आग खाली जाते आणि बाजूची तंबाखू तशीच राहते.

पेटवणं दोनदा. काडीवरचा गंधकाचा भडका पूर्ण उडू द्या, नाहीतर पहिले चार झुरके त्याच वासाचे. ज्योत वर्तुळात फिरवत सावकाश ओढा, वरचा थर काळा होऊन फुगेल. ही खोटी पेटवण. टँपरच्या, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याच्या, नुसत्या वजनाने तो थर सपाट करा. मग परत पेटवा, ही खरी. जेट लायटर वापरू नका. त्याची ज्योत बाउलची कड जाळते आणि वरचा पाक करपवते, तो कडवटपणा शेवटपर्यंत राहतो. पावसाळ्यात काडेपेटीसुद्धा बंद डब्यातच ठेवा.

ओढायचं म्हणजे गरम चहाचा पहिला घोट घेतो तसं, जपून. धूर कमी दिसला तरी चालेल. बाउल हातात धरवत नसेल इतका तापला तर खाली ठेवा, विझू द्या, पाच मिनिटांनी पेटवा. विझणं हा दोष नाही. अॅरोमॅटिकला एका बाउलमागे तीन-चार वेळा पेटवावं लागणं नेहमीचंच आहे. दहा-बारा मात्र ओलीचं लक्षण.

नळस्टॉप:

मनापासून आभार. सिलिका जेलच्या डब्यात ३.०० ची २.८० झाली, पाऊण तास जास्त लागला. चार काड्यांत बाउल झाला, जिभेला त्रास नाही. पण गुडगुड अजून आहे आणि तळाशी नखभर ओला गाळ राहतोच. फिल्टर काढून टाकला होता. ते चुकलं का? आणि व्हॅनिला तोंडात अजून फारशी येत नाही, खोलीत मात्र दरवळते.

खडकी१९:

फिल्टर काढून जागा रिकामी ठेवली, तिथेच गुडगुड आहे. ९ मिमीच्या पोकळीत धूर एकदम पसरतो, गार होतो आणि वाफेचं पाणी तिथेच जमतं. एकतर फिल्टर घाला, नाहीतर ९ मिमीच्या जागेत बसणारी पोकळ नळी मिळते, ती घाला. मधली अवस्था सगळ्यात वाईट.

माझं मत: अॅरोमॅटिकला कोळशाचा फिल्टर नको. कोळसा पाणी धरतो, पण सोबत वासही धरतो, आणि तुम्ही पैसे वासाचेच दिलेत.

सई_औंध:

इथे मी थोडी असहमत. पहिल्या दोन-तीन बाउलना कोळशाचा फिल्टर ठेवावा. चव थोडी दबते, पण ओल आणि गरमपणाही दबतो, आणि ओढण्याची गती हाताला बसते. गती बसली की काढा. ज्याच्या एका टोकाला सिरॅमिकची टोपी आणि दुसऱ्याला प्लॅस्टिकची असते, त्यात सिरॅमिक बाउलकडे, प्लॅस्टिक तोंडाकडे. उलटा बसवला तर गरम धूर थेट प्लॅस्टिकवर येतो. एक फिल्टर एका बाउलपुरता. भिजलेला फिल्टर परत घातला की तोच गुडगुडायला लागतो. बाल्सा लाकडाची पट्टी हा मधला मार्ग आहे, ती पाणी शोषते आणि चव कोळशापेक्षा कमी मारते, मात्र तिला तिच्या मापाचीच दांडी लागते.

व्हॅनिला तोंडात का येत नाही, याचं उत्तर ऐकायला थोडं निराशाजनक आहे. टॉपिंगचा मोठा भाग निखाऱ्याजवळ उडून जातो आणि खोलीत दरवळतो. अॅरोमॅटिकचा वास ओढणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्याला जास्त येतो, हा या प्रकाराचा स्वभाव आहे. तोंडात जे येतं ते मुख्यतः केसिंग आणि पानाचा स्वतःचा गोडवा. ते ओळखायचं तर थोडा धूर तोंडातून नाकाच्या मागच्या बाजूने हळूच बाहेर सोडून पाहा, छातीत न घेता. व्हॅनिला तिथे सापडते. आणि पहिल्या तिसऱ्या हिश्शात जास्त सापडते. पुढे बर्लीचा दाण्यासारखा, भाजकट स्वाद वर येतो, तोही वाईट नसतो.

परीक्षा नीट करायची असेल तर कणसाच्या पाईपमध्ये करा. तीन बाउल, तीन वेगळ्या दिवशी, प्रत्येक २.५ ग्रॅम मूळ वजनाचा: एक पाकिटातून तसाच, एक २.३२ वर वाळवलेला, एक २.२५ वर. बाकी सगळं तेच: काड्या त्याच, वेळ तीच, सोबत फक्त साधं पाणी. कॉफी घेतली की केसिंगमधला कोको कळतच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यात तुम्हाला कोणता आवडतो हे तुमच्या जिभेवर आहे. माझ्या मते व्हॅनिलाला २.३२ योग्य, चेरी किंवा रमला त्याहून किंचित ओली बरी.

बोहरीआळी:

गुडगुड ऐकू आली की लगेच, बाउल चालू असतानाच, पाईप क्लीनर (लव असलेली मऊ तार) दांडीतून बाउलच्या भोकापर्यंत घाला, दहा सेकंद ठेवा, काढा. दांडी उपसू नका. गरम पाईपची दांडी ओढली की फुगलेलं लाकूड आणि ताठ टोक यांचं माप बिघडतं, टोक मोडूही शकतं. पूर्ण गार झाल्यावरच, फिरवत काढायची. तुमच्या फिल्टरच्या पाईपमध्ये क्लीनर फिल्टरला अडतो, हाही फिल्टर न वापरण्याचा एक फायदा.

तळाचा नखभर गाळ सोडून द्या. तो शेवटपर्यंत जाळायचा हट्ट केला तर कडवट होतो आणि कणसाच्या पाईपचा तळच जळतो. भरताना तळाशी तंबाखूचेच तीन-चार जाड, चांगले वाळलेले, काड्यांसारखे तुकडे टाका, भोक चोंदत नाही.

वास बसण्याबद्दल: हो, बसतो. ब्रायर लाकडापेक्षा त्यावर साचलेल्या कार्बनच्या थरात जास्त. अॅरोमॅटिकचा थर मऊ आणि चिकट असतो, साध्या व्हर्जिनियासारखा कडक होत नाही. त्याच पाईपात नंतर व्हर्जिनिया ओढली तर दहाएक बाउल व्हॅनिलाची सावली राहते. लाटाकियाची, म्हणजे धुरावर वाळवलेल्या तंबाखूची, सावली तर त्याहून चिवट. म्हणून एक पाईप फक्त अॅरोमॅटिकसाठी ठेवा, आणि तो कणसाचाच असू दे. स्वस्त असतो, सरावायला लागत नाही, ओल स्वतः शोषतो. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी १८६९ पासून हे पाईप बनत आले आहेत, आणि अॅरोमॅटिकसाठी आजही त्यांच्याइतका सरळ पर्याय नाही. त्यात बहुतेकदा ६ मिमीचा कागदी फिल्टर येतो, तो काढून टाकला तरी चालतो.

कर्वेपुतळा:

थोडं विषयांतर. पाकिटं महाग पडतात. निपाणीची तंबाखू आणून तिला घरीच व्हॅनिला इसेन्स आणि मध लावला तर? किंवा हुक्क्याचा फ्लेवर थोडा मिसळला तर?

खडकी१९:

दोन्ही नको. निपाणी भागातली तंबाखू बिडीची, उन्हात वाळवलेली, भुगा केलेली, निकोटिन जबरदस्त. पाईपमध्ये भुगा गच्च बसतो, हवा जात नाही, आणि दोन झुरक्यांत गरगरतं. पाईपला लागणारी व्हर्जिनिया गरम हवेच्या भट्टीत वाळवलेली असते. आपल्याकडे ती आंध्र आणि कर्नाटकात होते, तंबाखू मंडळाचं मुख्यालय त्यामुळेच गुंटूरला आहे. पण ते पान सिगारेटसाठी कापलेलं असतं, फार बारीक, आणि पाईपमध्ये भसाभस जळतं.

मध जळून बाउलच्या भिंतीवर डांबरासारखा थर होतो. बेकरीचा इसेन्स गरम केकसाठी असतो, निखाऱ्यासाठी नाही. हुक्क्याची तंबाखू ग्लिसरीन आणि काकवीत बुडवलेली असते, तिला बाहेरून कोळशाने शेकायचं असतं, ती स्वतः पेटतच नाही. पाईपमध्ये नुसता लगदा होईल.

खर्च कमी करायचा तर लहान बाउल वापरा. दीड ग्रॅमच्या बाउलला ५० ग्रॅममध्ये तेहेतीस वेळा येतं.

सई_औंध:

नळस्टॉप, उरलेल्या ४० ग्रॅमची आताच सोय करा. पाकिटाची चिकटपट्टी हवाबंद नसते. २५० मिलीची काचेची बरणी, झाकणाला रबराची चकती असलेली. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत अशा बरण्यांची कमी नाही. लोणच्याची किंवा मसाल्याची जुनी बरणी नको, काच धुतली जाते पण झाकणातल्या चकतीचा वास जात नाही. बरणी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग पूर्ण कोरडी करा. एक थेंबही राहता कामा नये. तंबाखू न दाबता भरा, अंधाऱ्या कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको: बाहेर काढून उघडली की दमट हवेचं पाणी थेट तंबाखूवर जमतं. सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड टाकायचा सल्ला उन्हाळ्यात हमखास मिळेल, त्याकडे दुर्लक्ष करा, बुरशीला दुसरं आमंत्रण लागत नाही. वर्षभर ठेवायची असेल तर ६२ किंवा ६५ टक्क्यांची आर्द्रता राखणारी तयार पुडी मिळते, ती बरी.

पावसाळ्यात बरणी उघडताना पाऊस थांबलेली वेळ पाहा, लागेल तेवढी चिमट्याने काढा आणि झाकण लगेच लावा. बोटं घालत राहिलं की बुरशी येते. पांढरं काही दिसलं तर भिंगातून पाहा. साखरेचे स्फटिक असतील तर टोकदार आणि चमकणारे. बुरशी असेल तर लोकरीसारखी, एका ठिकाणाहून पसरलेली, आणि वास कोंदट. बुरशी निघाली तर वरचा थर काढून बाकीची वापरायचा विचारही करू नका. सगळी टाका, बरणी परत उकळा.

हेच पाईपलाही. दमट पाईप बंद कपाटात ठेवला की चार दिवसांत बाउलमध्ये पांढरी लव दिसते. ओढून झाल्यावर राख काढा, दोन क्लीनर फिरवा, एक क्लीनर आत ठेवून बाउल खाली करून मोकळ्या हवेत उभा ठेवा. उन्हाळ्यात एक दिवसाची विश्रांती पुरते, जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस द्या.

बोहरीआळी:

ब्रायर धुवायला पाणी नको. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला क्लीनर दांडीत आणि नळीत फिरवा, क्लीनर पांढरा निघेपर्यंत. वास चिवट असेल तर बाउलमध्ये कापूस घाला, ड्रॉपरने अल्कोहोल टाकून कापूस नुसता ओला करा, रात्रभर ठेवा. सकाळी कापूस तपकिरी झालेला असेल. मिठाचीही रीत आहे, पण मीठ लाकडाच्या रंध्रात शिरून फुगतं आणि कधी ब्रायर तडकतो, म्हणून कापूसच बरा. नंतर दोन दिवस पूर्ण सुकू द्या. अल्कोहोलचा वास असेपर्यंत काडी जवळ आणायची नाही.

फर्निचरच्या पॉलिशचं स्पिरिट चुकूनही नको. त्यात मिथेनॉल असू शकतं. सॅनिटायझर जेलही नको, त्यातलं ग्लिसरीन आणि सुगंध आतच बसतात. बाहेरच्या पॉलिशवर अल्कोहोल सांडलं तर चकाकी जाते, कडेला सुती फडकं गुंडाळून काम करा.

कार्बनचा थर १ ते दीड मिमी झाला की बोथट सुरीने नव्हे, रीमरने (बाउल खरवडायच्या खास हत्याराने) खरवडा. जाड थर गरम झाला की लाकडापेक्षा वेगळ्या गतीने प्रसरण पावतो आणि बाउल फोडतो. अॅरोमॅटिकचा चिकट थर मऊ असताना खरवडला तर लगद्यासारखा निघतो, म्हणून आधी पाईप दोन दिवस सुकवून घ्या.

प्रभातरोड_३:

तंत्र सगळं छान सांगितलंय, एक गोष्ट राहिली ती लिहितो, कारण धागा नवीन माणसंही वाचतील.

वास व्हॅनिलाचा असला तरी धूर तंबाखूचाच आहे. पाईपचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. सवय लागते. तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका पाईपनेही वाढतो, आणि फिल्टर, कणसाचा पाईप किंवा वाळवणं यातल्या कशानेही तो जात नाही. जो ओढत नाही त्याने केवळ वास चांगला म्हणून सुरू करू नये. जो ओढतो त्याने जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर दंतवैद्याला लगेच दाखवावी, चटका समजून थांबू नये.

घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा दम्याचा माणूस असेल तर घरात नकोच. गोड वासामुळे घरच्यांची तक्रार येत नाही, पण धूर तितकाच आत जातो. सार्वजनिक जागी २ ऑक्टोबर २००८ पासून मनाई आहे, हॉटेलात वेगळी खोली असेल तरच. अठरा वर्षांखालच्यांना विकणं गुन्हा आहे. आणि पाकिटावर ८५ टक्के जागेत आपल्याकडचा चित्रासह इशारा नसेल तर तो माल चोरवाटेने आलेला आहे, किती जुना आणि कुठे साठवलेला ते कळायला मार्ग नाही. तो घेऊ नका.

नळस्टॉप:

समजलं, आणि प्रभातरोड_३ यांचा मुद्दा मान्य. घरात नाहीच, गच्चीवर एकटाच.

बरणी आणि जेल झालं. कणसाच्या पाईपला ९ मिमीचा प्रश्नच नाही. एकच शंका: गच्चीवर पावसाळी वारा असला की बाउल एका बाजूनेच जळतो आणि पुन्हा तापतो. काही उपाय?

बोहरीआळी:

वारा निखाऱ्याला फुंकणीसारखा फुलवतो, तुम्ही कितीही हळू ओढलं तरी. भोकांची पत्र्याची टोपी मिळते, ती बाउलवर बसवा. टँप करताना काढावी लागते, तेवढंच. टोपी नसेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून बसा आणि बाउल मुठीत धरा. एका बाजूने जळू लागला तर न जळलेल्या बाजूला पुन्हा पेटवू नका. जळलेली बाजू टँपरने हलके दाबा म्हणजे तिथली हवा कमी होईल, आणि न जळलेल्या बाजूला अजिबात हात लावू नका. दोन मिनिटांत आग आपणहून तिकडे सरकते. वारा फारच असेल तर त्या दिवशी तंबाखू २.८५ वर थांबवा, किंचित ओली राहिली तर वाऱ्यात कमी तापते.